कठड्यावरचं ऊन

देहूरोड,
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय नथू,

सलाम, आणि तुझ्यासाठी रामरामसुद्धा. तुझे कान गेल्यापासून फोन तुझ्या उपयोगाचा राहिला नाही, आणि माझं मन त्यात कधी रमलंच नाही. गुरुजींनी सातवीत छडी हातात घेऊन शिकवलेलं पत्रलेखन आता सत्तरीत कामी येतंय. समासही सोडलाय, बघ.

शेवटी हललो. लोणावळ्यातलं तुंगार्लीचं घर सोडून आज अकरावा दिवस. आजूबाजूला सगळे बंगले उठले, त्यांच्या कुंपणाच्या भिंती आमच्या कौलांच्या वर गेल्या. आवेज म्हणाला, "अब्बा, छत्र्यांचं दुकान बंद करून चार वर्षं झाली. आता इथे कोणासाठी राहायचं?" तो कामाला आहे तो डेपो इथून दहा मिनिटांवर, सूनबाई इफ्फत पिंपरीला नोकरीला. त्यांचंही खरंच आहे.

आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. भिंती अशा पांढऱ्या, की टेकून बसायची भीती वाटते. खिडक्या दुहेरी काचेच्या. परवा पाऊस येऊन गेला, तो आम्हाला खालचा रस्ता ओला दिसल्यावर कळला. चाळीस वर्षं ज्याने पावसावर पोट भरलं, त्याला पाऊस पडून गेल्याचं रस्त्याने सांगावं! खाली बाग आहे. मी मोठ्या हौसेने गवतावर हात फिरवला, तर ते प्लास्टिकचं. दुपारच्या बारा वाजता जिन्यात दिवे लागलेले असतात आणि त्या उजेडात पोरं चेंडू खेळतात. ओरडत नाहीत रे. पोरं ओरडत नाहीत, याचीच मला गंमत वाटते.

समोर दुसरा टॉवर उठतोय. सध्या आमच्या मजल्याएवढा आहे. वॉचमन प्रदीप म्हणतो, "बाबा, आठवड्याला एक स्लॅब पडतो. बावीसपर्यंत जाणार." त्याच्या शेजारी तिसऱ्याचा खड्डा.

तुझ्या वहिनीचं, रोशनबीचं मन लागायला वेळ लागेल. आल्या आल्या तिने विचारलं, "पायरी कुठंय?" तुला आठवत असेल, तिला बारा वर्षं साखरेची सुई आहे. सकाळी एक, संध्याकाळी जेवणाआधी एक, आणि ती स्वतःच पोटात टोचून घेते. घड्याळ तिने कधी मानलं नाही. म्हणून तुंगार्लीला मी अंगणातल्या पायरीवर पांढरी रेघ काढून दिली होती, छत्रीवर नावं घालायच्या रंगाने. रेघेवरचं ऊन गेलं की संध्याकाळची सुई. पावसाळ्यात कोंबड्या खुराड्याकडे वळल्या की सुई, नाहीतर सूर्य मावळल्यावरची, मगरिबची अजान झाली की सुई. एकदा चुकली नाही. इथे कोंबड्या नाहीत, आणि अजान काचेतून आत येत नाही. इफ्फतने फोनमध्ये घालून दिली, पण रोशनबी म्हणते, "ती टाचणीएवढी अजान मला नको."

मग मीच उपाय काढला. बाल्कनी पश्चिमेला आहे. रंगाची जुनी डबी शोधली आणि कठड्यावर तशीच रेघ ओढली. सकाळची सुई इफ्फतच्या देखत होते, संध्याकाळची रेघेच्या हवाली. रोशनबी किती दिवसांनी हसली! म्हणाली, "आता हे घर झालं."

कस्तुरावहिनींना सलाम सांग.

तुझा
दस्तगीर

*

आंदर मावळ,
१६ ऑक्टोबर

दस्त्यास नथूचा रामराम,

पत्र पावलं. चौदा दिस लागलं. पोस्टमन आटवड्यातनं दोनदा येतो, त्यात यष्टी बंद पडली तर एकदाच. तू समास सोडलास, मी न्हाई सोडत. कागद फुकट जातो.

हितं भात पिवळं पडाय लागलंय. पोरगा कैलास म्हनतो मशीन आनू, मी म्हनतो इळा हाय. बगू कोन जितंय.

तू लिवलंस त्ये घर मला काय डोळ्यापुडं येईना. गवत प्लास्टिकचं? आनि त्याला पानी घालत्यात का रं? कस्तुरा हसून हसून पडली. पन मग म्हनली, रोशनबीला तितं उनात बसाय जागा हाय का, ती उनाची बाई हाय. खरं हाय त्ये. औंदा आमी म्हस नव्या गोट्यात बांदली. पत्र्याचा, चारी बाजूनी बंद, आत बल्ब. ऐटीत बांदली. पंदरा दिसात म्हशीनं दूद चोरलं, येळी-अयेळी हंबराय लागली. परत झाडाखाली आनली तवा कुटं ताळ्यावर आली. तू म्हनशील नथ्या माज्या बायकोला म्हस म्हनतोय. म्हन. पन ध्येनात ठेव.

तुज्या रेगेचं बेस केलंस. वैनीला सांग, भात निघालं की नवा तांदूळ पाटवतो.

नथू

*

देहूरोड,
५ नोव्हेंबर

प्रिय नथू,

म्हशीची गोष्ट मी रोशनबीला वाचून दाखवली. म्हणाली, "नथूभाऊंना सांगा, म्हैस शहाणी. तिने निदान हंबरून तरी सांगितलं."

दिवाळीत इथे सगळ्या बाल्कन्यांवर एकसारख्या माळा लागल्या, सोसायटीने ठरवलेल्या. मला आपली शाळा आठवली. कविता म्हणताना आपण साठ पोरं असायचो, पण प्रत्येकाचा सूर वेगळा लागायचा, तुझा तर नेहमीच बेसूर, आणि गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, "असू दे, नदीलासुद्धा दगड लागतात." इथे दगड नाहीत.

माझा दिवस बरा जातो. पावणेचारला घरातून निघतो, रमतगमत मशिदीत जातो, असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाली की गेटजवळच्या बाकावर बसतो. तिथून इमारतींच्या मधून डोंगराचा एक तुकडा दिसतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो बघत मगरिबपर्यंत बसतो, नमाज पढून घरी येतो. प्रदीप कधीकधी शेजारी येऊन उभा राहतो. "आज नववा पडला, बाबा," म्हणतो. स्लॅब.

रोशनबीचं मात्र काही खरं नाही. मी संध्याकाळी परततो तेव्हा ती खुर्चीत बसलेली असते, कपाळावर घाम, हात थरथरत असलेले. पंखा चालू असतो तरी घाम. विचारलं तर शब्द जुळत नाहीत. मग एकदम लहान मुलीसारखी म्हणते, "चिक्की आणा ना." बारा वर्षांत जिने गोडाकडे पाहिलं नाही, ती! मी लपवून आणतो. दोन वड्या खाल्ल्या की चेहऱ्यावर रंग येतो, बोलू लागते, आणि मला तुंगार्लीच्या तळ्याकाठची वीस वर्षांची रोशन परत दिसते. मला वाटतं ही घराची ओढ आहे. लोणावळ्याची आठवण चिक्कीच्या रूपाने येते. मनाचा आजार आहे हा, नथू, आणि मनाच्या आजाराला थोडा गूळ चालतो.

आवेज काळजीत आहे. म्हणतो, अम्मी विसरायला लागली. परवा तिने त्याला विचारलं, "आज तू दोनदा कामावरून आलास का?" तो तिला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवणार आहे.

तांदळाची वाट पाहतो.

दस्तगीर

*

आंदर मावळ,
१७ नोव्हेंबर

दस्त्या,

कापनी चालू हाय, म्हनून थोडकंच लिवतो.

साखरंच्या बाईला चिक्की? तुजं डोकं ठिकान्यावर हाय का? घाम येतो, हात कापत्यात, ही कसली घराची ओड? घराची ओड लागली तर मानूस रडतं, घाम कशाला येईल? आमाला बी पुन्याला पोरीकडं करमत न्हाई, पन आमी थरथरत न्हाई.

कस्तुरा इचारतीया, संद्याकाळची सुई ती घेती तवा जवळ कोन असतं? तू बाकावर. पोरगा कामावर, सून कामावर. मग कोन? याचं उत्तर धाड. कवितेत नको. सरळ धाड.

तांदूळ कैलासच्या हाती धाडीन.

नथू

*

देहूरोड,
२६ नोव्हेंबर

प्रिय नथू,

रागावू नकोस. तुझं पत्र वाचताना तू अजूनही वर्गात मागच्या बाकावरून पेन्सिल फेकून मारतोस असं वाटलं.

सरळ उत्तर: जवळ कोणी नसतं, आणि गरजही नाही. तुंगार्लीला तरी कोण असायचं? रेघ आहे, तिचा हात बसलेला आहे. डॉक्टरांनीही विचारलं, सुई वेळेवर घेता का, तर ती ताठ मानेने म्हणाली, "रोज. ऊन गेलं की." त्यांनी डोकं तपासलं, आकडे उलटे म्हणायला लावले. शंभरातून सात वजा करा म्हणाले. तिला ते सुलटही कधी आलं नाही. आता पुढच्या महिन्यात मेंदूचा फोटो काढायचा आहे. आवेजने स्वयंपाकघरातला गॅस बंद ठेवायला सुरुवात केली आहे. रोशनबी स्वतःही आता म्हणते, "मी येडी व्हायला लागले बहुतेक." फार शांतपणे म्हणते.

पण तुला एक नवल सांगायचं आहे, त्यासाठीच हे पत्र. गुडघा सुजला म्हणून दोन दिवस बाकावर गेलो नाही, बाल्कनीजवळ आरामखुर्ची टाकून पडलो. आणि काय पाहिलं असेल मी? समोरचा टॉवर आता बारा मजले झाला आहे. चारच्या सुमारास सूर्य त्याच्यामागे गेला. घरात सावली आली, हवा गार झाली, समोर दोन-तीन घरांत दिवेसुद्धा लागले. संध्याकाळ झाली म्हणून मी डोळे मिटले. जाग आली तर पुन्हा ऊन! टॉवरच्या पलीकडे तिसऱ्या इमारतीच्या खड्ड्यावर जी मोकळी फट आहे, तिच्यातून सूर्य बाहेर आला होता. अर्धा-पाऊण तास तांबूस ऊन कठड्यावर पडून राहिलं आणि सहाला खरोखरच मावळलं. एका दिवसात दोन संध्याकाळी, नथू! आयुष्यभर माणूस एका संध्याकाळसाठी झुरतो, आणि इथे फुकटात दोन.

रोशनबीने तर मगरिबची नमाजही दोनदा पढली. मी थट्टा केली, "बेगम, आज दुप्पट सवाब, दुप्पट पुण्य." ती गोंधळून हसली आणि आत गेली.

दोन ओळी सुचल्या. गुरुजी असते तर फळ्यावर लिहिल्या असत्या:

एकदा बुडे, पुन्हा निघे, सूर्य कसा हा नादान;
एकाच दिसाच्या ओंजळीत दोन सांजांचं दान.

कशा आहेत, ते कळव.

दस्तगीर

*

आंदर मावळ,
७ डिसेंबर

दस्त्या,

तुजं पत्र आज दुपारी हातात पडलं. अकरा दिस लागलं.

नमाज दोनदा झाली तर देव रागवनार न्हाई. सुई किती येळा झाली?

तूच लिवलंस, रेगेवरचं ऊन गेलं की सुई. आता तूच लिवतोस, ऊन दोनदा जातंय. मी तुज्या कवितेत असा गुतलो की वरचं ध्येनातच आलं न्हाई आदी. मग परत वाचलं. पत्र घेऊन शकुबाईकडं गेलो, आमच्या वाडीची, सरकारी दवाखान्याची आशाताई. तुजी मागची पत्रं बी नेली. तिनं घाम, थरथर, गोडाची ओड, शब्द न जुळनं, समदं वाचलं आनि डोक्याला हात लावला. म्हनली, मेंदूचं काय न्हाई, सुई जास्ती होतीया, साखर खाली जातीया. चिक्की खाऊन त्या बाईनं आजपातुर जीव धरलाय. ती येडी न्हाई. तिचं अंग वरडून सांगत व्हतं.

शकुबाईनं रेंजसाटी टेकाडावर जाऊन आवेजला सात येळा फोन लावला. उचलंना. तुजा बंद. म्हनून कैलासला फटफटीवर ही चिठ्ठी देऊन धाडतोय. त्यो येईल तवा पयलं काम, सुई तिच्या हातातनं काडून घ्यायची. दुसरं, रेग पुसायची. बाकीचं मागनं.

नथू

*

देहूरोड,
९ डिसेंबर

आदरणीय नथूकाका,

सलाम. मी इफ्फत, आवेजची बायको. कैलासभाऊ शनिवारी संध्याकाळी आले तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. प्रदीपने त्यांना हॉस्पिटलचा पत्ता दिला, ते तिथे आले, रात्रभर आमच्यासोबत थांबले. तांदूळ पोहोचला.

अम्मी शुक्रवारी बाल्कनीत पडलेल्या होत्या. मी कामावरून सव्वासातला आले तेव्हा मला दिसल्या. अब्बा मगरिबनंतर बाकावरच बसून राहिले होते, त्या दिवशी कोणीतरी त्यांच्या कविता ऐकायला थांबलं होतं म्हणे. अम्मींची साखर अठ्ठावीसवर आली होती. किती वेळ तशी होती, ते कोणालाच माहीत नाही. आता शुद्धीवर आहेत, पण उजवा हात नीट उचलत नाहीत आणि बोलताना मध्येच थांबतात.

डॉक्टर म्हणतात, विस्मरणामुळे त्यांनी सुई परत घेतली असावी. घरी नेल्यावर त्यांना एकटं ठेवू नका, एका खोलीतच ठेवलेलं बरं. आवेजने त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. मला ते बघवत नाही, पण दुसरं काय करणार?

काका, अब्बांचं काही कळेना. ते बोलत नाहीत, हॉस्पिटलमध्ये येत नाहीत. बाल्कनीच्या कठड्यावर एक गोधडी वाळत टाकून तिच्याशेजारी बसून आहेत. गोधडी केव्हाच वाळली, पण मला काढू देत नाहीत. कैलासभाऊंनी आणलेली तुमची चिठ्ठी त्यांनी खिशात घातली, आम्हाला दाखवली नाही. तिच्यात काय होतं?

आपली,
इफ्फत

*

आंदर मावळ,
१५ डिसेंबर

दस्तगीर,

सूनबाईनं मला इचारलं चिठ्ठीत काय व्हतं. मी तिला काय बी लिवलेलं न्हाई. तुज्या खिशातलं तू काड.

तू चुकलास, त्ये मानूस चुकतंय. मी बी म्हस बंद गोट्यात बांदलीच की. पन तू गोधडी टाकून बसलास, आनि तितं तिला येडी ठरवून कडी घालत्यात. तिला सोताला बी त्येच खरं वाटत आसंल. साट वर्सांत तुला कदी दस्तगीर म्हनलो न्हाई, आज म्हनतोय. सांग त्यास्नी. मग दोगं हिकडं या. वसरी मोकळी हाय, डोंगराआड सूर्य एकदाच जातो.

न्हाई सांगितलंस तर परत पत्र लिवू नको.

नथू

*

देहूरोड,
२९ डिसेंबर

नथू,

सांगितलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मंगळवार होता, रोशनबीला आदल्याच दिवशी घरी आणलं होतं. कडी लागली होती. आवेज जेवत होता. मी तुझी चिठ्ठी खिशातून काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. घडीवर फाटली होती, मी इतक्या वेळा उघडली होती. त्याने डाव्या हाताने धरून वाचली. इफ्फत त्याच्या खांद्यावरून वाचत होती. आवेज उठला, हात न धुताच बाल्कनीत गेला, गोधडी उचलली. रेघेकडे पाहिलं, समोरच्या टॉवरकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अब्बा," तो म्हणाला, "तुम्हाला दिसलं होतं. आणि तुम्ही त्याच्यावर कविता केलीत."

मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि आईच्या दाराची कडी काढली. चार स्क्रू, चारही त्याने खिडकीतून खाली फेकले. रेघ मी रॉकेल लावून पुसली. पुसली जाते, पण कठड्यावर तेवढी जागा फिकट दिसते.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कागदावरचं विस्मरण खोडलं, पण म्हणाले, जे गेलं ते यामुळे परत येईलच असं नाही. हात थोडा सुधारेल. शब्दांचं सांगता येत नाही. आणि सध्या हॉस्पिटलपासून लांब नेऊ नका. त्यामुळे तुझ्या ओसरीवर येणं आता होणार नाही. आवेज म्हणाला, उन्हाळ्यात बघू. त्याच्या तोंडाकडे बघून मी पुढे विचारलं नाही.

सुई आता इफ्फतच्या ताब्यात असते. तिने पिंपरीची नोकरी अर्ध्या दिवसावर आणली आहे. माझ्याशी ती नीट बोलते, चहा देते. पण सुईचा डबा मी खोलीत असलो की उचलून दुसरीकडे ठेवते. मी पाहिलं की तिला अवघडल्यासारखं होतं, म्हणून मी पाहत नाही.

बाकावर जात नाही. प्रदीप परवा वर येऊन गेला. "सोळावा पडला," म्हणाला, आणि मग जीभ चावली. तिसऱ्या इमारतीच्याही परांच्या उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी ओढली आहे. जी फट होती ती गेली. आता ऊन कठड्यावर येतच नाही. दुपार असो की संध्याकाळ, घरात एकच उजेड असतो, पाण्याच्या टाकीत असतो तसा हिरवट. समोरच्या घरातली बाई हल्ली सकाळपासून दिवे लावून ठेवते. तिची दोन वर्षांची मुलगी जेवता जेवता झोपते आणि मध्येच उठून रडते. आई म्हणते दात येत असतील.

आता मुख्य सांगायचं ते. मी तुला सगळं सरळ सांगतो म्हटलं आहे.

काल रोशनबीचं बोलणं बरं होतं. खाटेवर उशीला टेकून बसली होती. मी तिचा डावा हात हातात घेतला आणि म्हणालो, "रोशन, तुझं डोकं ठीक होतं. चूक रेघेची होती. ऊन दोनदा जात होतं, आणि तुला ते कळणं शक्य नव्हतं."

ती शब्द शोधत होती. मग म्हणाली, "कळत होतं की."

"काय कळत होतं?"

"दोनदा जातंय ते. पहिल्याच दिवशी कळलं." ती थांबली. "अंग पण सांगत होतं, नको म्हणून. पण रेघ तुमी काढली होती. मला वाटलं, तुमी काढली म्हणजे या घरात असंच असेल."

नथू, बेचाळीस वर्षांचा संसार, मी तिला शेकडो ओळी ऐकवल्या, आणि तिने त्या सगळ्यांवर एवढा विश्वास ठेवला, की स्वतःच्या थरथरत्या हातांवर ठेवला नाही.

ती मला समजावू लागली. मला! म्हणाली, "जाऊ द्या. आता बरं आहे." मग खिडकीकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. डावा हात पोटावर ठेवला, सुई घेतात त्या जागी, आणि अगदी सवयीने, कसलेही आढेवेढे न घेता विचारलं, "संध्याकाळ झाली का हो? तुमी म्हणाल तसं."

घड्याळ बाहेरच्या खोलीत. इफ्फत खाली भाजी आणायला गेलेली. मी उठून खिडकीशी गेलो, काचेला कपाळ लावून वर पाहिलं, खाली पाहिलं. तिकडे जाळी, इकडे भिंत, मध्ये तो हिरवा उजेड. अडीच वाजले असतील, किंवा साडेपाच. ती मागून वाट पाहत होती, आणि मला सांगता येईना.

दस्तगीर